दोन खाती, एकच मंत्रीबाई

मुलांनो, तुमच्या शाळेत मंत्रिमंडळ आहे का? आमच्या शाळेत आहे. जूनमध्ये शाळा उघडली, नवी पुस्तकं वाटून झाली, की निवडणूक होते. चिठ्ठ्या टाकून मतदान, फळ्यावर मतमोजणी आणि मग परिपाठाच्या वेळी शपथविधी! मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री, ग्रंथालयमंत्री... थाट काही विचारू नका. शपथ झाली की प्रत्येक मंत्र्याला एक कार्ड मिळतं. पुठ्ठ्याचं, दोरा ओवलेलं, गळ्यात घालायचं. त्या खात्याची कामं त्यावर लिहिलेली असतात.

एका वर्षी सहावीत मुलं कमी आणि खाती जास्त झाली. तेव्हा एका मुलीनं आपणहून दोन खाती मागून घेतली. आरोग्य आणि ग्रंथालय. गळ्यात दोन कार्डं घालून ती अशा काही ऐटीत फिरायची, की सगळी शाळा तिला 'मंत्रीबाई' म्हणू लागली.

त्याच सुमारास मी सुट्टीच्या दिवशी घरी बसून जावा नावाची संगणकाची भाषा शिकत होते. बाकी सगळं ठीक चाललं होतं, पण 'एका क्लासनं अनेक इंटरफेस अमलात आणणं' या धड्यापाशी घोडं अडलं. तीनदा वाचलं. काही म्हणता काही कळेना. आणि एके दिवशी मंत्रीबाई समोरून दोन कार्डं झुलवत आल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हेच की ते!

तेच आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी एक मोदक खाऊ या.

साचा एक, मोदक अनेक

पूर्वी संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची एक लांबलचक यादी असे. हे कर, मग ते कर, मग पुन्हा हे कर. प्रोग्रॅम मोठे होत गेले तशी ही यादी सांभाळणं अवघड होऊ लागलं. तेव्हा १९६० नंतरच्या दशकात नॉर्वे देशात, ऑस्लो शहरात, ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी सिम्युला नावाची भाषा तयार केली. त्यांची कल्पना अशी : प्रोग्रॅममध्ये लहान लहान 'वस्तू' असाव्यात. प्रत्येक वस्तूनं आपली माहिती आपल्यापाशी ठेवावी, आपलं काम आपण करावं आणि दुसऱ्याला काही हवं असेल तर त्यानं तिला सांगावं. अशा वस्तूला म्हणतात ऑब्जेक्ट. आणि ती ज्या साच्यातून निघते, त्या साच्याला म्हणतात क्लास.

मोदकाचा साचा पाहिलाय ना? साचा एकच, पण त्यातून निघणारे मोदक कितीतरी. एकात नारळाचं सारण, दुसऱ्यात खव्याचं. साचा म्हणजे क्लास, मोदक म्हणजे ऑब्जेक्ट. झालं! निम्मा धडा इथंच संपला.

कार्डावर काय असतं आणि काय नसतं?

आता मंत्रीबाईंची कार्डं बघू.

आरोग्यमंत्री
१. नखं बघणं.
२. प्रथमोपचार पेटी तपासणं.
३. नोंद करणं.

ग्रंथालयमंत्री
१. पुस्तक देणं.
२. पुस्तक परत घेणं.
३. नोंद करणं.

नीट बघा हं. काय करायचं, ते कार्डावर आहे. कसं करायचं, ते कुठंच नाही. नखं सकाळी बघायची की दुपारी, रांगेत उभं करून की जागेवर जाऊन, याबद्दल कार्ड गप्प आहे. ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

संगणकातला इंटरफेस म्हणजे हेच कार्ड. फक्त कामांची नावं. आणि एखादा क्लास जेव्हा म्हणतो, की मी हा इंटरफेस अमलात आणतो, तेव्हा तो वचनच देतो : या कार्डावरचं प्रत्येक काम मी करीन. ते कसं करायचं हे क्लासनं आपल्या पोटात लिहायचं.

वचन एकाच कार्डाचं द्यायचं असं बंधन नाही. दोन द्या, पाच द्या. जावामध्ये ते एका ओळीत लिहितात. मंत्रीबाईंचा क्लास लिहायचा तर ती ओळ साधारण अशी वाचली जाईल :

क्लास मंत्रीबाई इम्प्लिमेंट्स आरोग्यमंत्री, ग्रंथालयमंत्री

यातले 'क्लास' आणि 'इम्प्लिमेंट्स' हे शब्द जावाचे ठरलेले आहेत, ते रोमन अक्षरांतच टाइप करावे लागतात. पण मंत्रीबाई, आरोग्यमंत्री ही नावं मात्र चक्क देवनागरीत लिहिली तरी जावाला चालतात, बरं का!

वचन दिलं आणि एखादं काम लिहायचंच राहिलं तर? तिथं बसलेला असतो कंपायलर. हा म्हणजे संगणकातला कडक परीक्षक. आपण लिहिलेलं तपासून तो संगणकाला समजेल अशा रूपात बदलतो. दोन कार्डांवर मिळून सहा नावं आहेत आणि तुम्ही 'पुस्तक परत घेणं' लिहायला विसरलात, तर तो सरळ वही परत करतो. "हा क्लास अपुरा आहे. यातून ऑब्जेक्ट तयार होणार नाही." तक्रार नाही, रडारड नाही. आधी काम पुरं करा.

हाक नावाला नाही, कार्डाला

पण एवढा खटाटोप कशासाठी? सरळ मंत्रीबाईंचं नाव घेऊन काम सांगितलं असतं तर?

असं बघा. दुसरीतल्या मुलाला ठेच लागते. तो ओरडतो, "आरोग्यमंत्री कुठंय?" त्याला सहावीतल्या ताईचं नाव ठाऊक नसतं, ती ग्रंथालयही सांभाळते हे तर मुळीच ठाऊक नसतं. त्याला फक्त ते एक कार्ड दिसतं. उद्या मंत्रीबाई आजारी पडल्या आणि दुसऱ्या कुणी ते कार्ड गळ्यात घातलं, तरी त्याचं काही अडत नाही.

प्रोग्रॅममध्येही अगदी तसंच. काम सांगणारा ऑब्जेक्टला नावानं नाही, कार्डानं ओळखतो. म्हणून एक काढून तिथं दुसरा बसवता येतो आणि बाकीच्या प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

जावातलं खरं उदाहरण देते. जावामध्ये 'कम्पेरेबल' नावाचं एक कार्ड आहे. त्यावर एकच काम : दुसऱ्याशी तुलना करून तू आधी की नंतर, ते सांग. शब्द हे कार्ड घालतात, आकडे घालतात, तारखाही घालतात. त्यामुळे क्रम लावणारा प्रोग्रॅम एकदाच लिहिला की पुरतं. समोर शब्द आहेत की आकडे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो प्रत्येकाला एवढंच विचारतो, "तू याच्या आधी की नंतर?"

आणि दोन कार्डं घालणारेही आहेत. 'लिंक्डलिस्ट' नावाचा क्लास एका बाजूनं यादीचं कार्ड घालतो, दुसऱ्या बाजूनं रांगेचं. यादी म्हणून त्याला विचारा, "पाचव्या क्रमांकावर कोण?" तो सांगतो. रांग म्हणून सांगा, "पुढचा एक सोड, मागे एक उभा कर." तेही करतो. एसटीच्या खिडकीपुढच्या रांगेसारखं. ऑब्जेक्ट एकच, पण ज्याला जे कार्ड दिसतं, त्याच्यासाठी तो तेवढाच.

शंकरपाळ्याचा पेच

आता तुमच्यातलं कुणीतरी हुशार विचारेल, "बाई, पण कार्डं कशाला? क्लासला वारसा मिळतो ना?"

बरोबर. एका क्लासला दुसऱ्या क्लासचा वारसाही घेता येतो. तेव्हा नुसती कामांची नावं मिळत नाहीत, ती करण्याची रीतही आयती मिळते. मग दोन-तीन जणांकडून वारसा घेतला तर? इथंच गंमत होते.

समजा, 'वाहन' नावाचा क्लास आहे. त्याच्यापासून 'होडी' निघाली आणि 'मोटार' निघाली. थांबायचं असेल तर होडी नांगर टाकते, मोटार ब्रेक लावते. आता आपण पाण्यात आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणारी एक नवलाची गाडी केली आणि होडी व मोटार या दोघींचा वारसा तिला दिला. तिला म्हणालो, "थांब!" ती नांगर टाकणार की ब्रेक लावणार?

याची आकृती काढा. वर वाहन, मध्ये डावीकडे होडी, उजवीकडे मोटार, खाली नवलाची गाडी. रेघा जोडा. काय दिसतं? शंकरपाळं! प्रोग्रॅमर लोक याला 'डायमंड प्रॉब्लेम' म्हणतात. मी आपली शंकरपाळ्याचा पेच म्हणते.

ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांच्या सी प्लस प्लस या भाषेत असे अनेक वारसे घेता येतात. पण असा पेच आला की कंपायलर अडून बसतो : "नक्की कोणतं थांबणं म्हणता?" मग नाव घेऊन सांगावं लागतं.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जावा तयार केली. १९९५ साली ती जगापुढे आली. त्यांनी ठरवलं, की वारसा एकाकडूनच घ्यायचा, पण वचनं हवी तितक्यांना द्यायची. ही कार्डांची कल्पना त्यांनी ऑब्जेक्टिव्ह सी या आधीच्या भाषेतून उचलली. कार्डावर फक्त नाव, रीत नाहीच. मग दोन रीतींचं भांडण होईलच कसं?

पुढे २०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीत कार्डावर एखादी तयार रीत लिहून ठेवायचीही मुभा मिळाली. झालं, शंकरपाळं पुन्हा ताटात! पण या वेळी नियम करून ठेवला : दोन कार्डांवर एकाच कामाच्या दोन वेगळ्या रीती आल्या, तर क्लासनं स्वतः ठरवून लिहायचं. नाहीतर कंपायलर पुढे जाऊ देणार नाही.

एक नाव, दोन अर्थ

आता परत शाळेत या. मंत्रीबाईंच्या दोन्ही कार्डांवर एक नाव सारखंच होतं, आठवतं? 'नोंद करणं'. महिनाभरानं मी त्यांची वही बघायला मागितली. त्यात काय असावं?

"चौथीतली मुलगी. खोकला.
गोष्टींचं पुस्तक. पान फाटलं, चिकटवलं.
दुसरीतला मुलगा. गुडघा फुटला, चिकटवलं."

मी हसून हसून बेजार झाले. गुडघ्याला चिकटपट्टी लावली होती हो! पण किती मुलं आजारी आणि किती पुस्तकं बाहेर, हे मात्र त्या वहीतून काढता काढता नाकी नऊ आले.

यात मंत्रीबाईंची चूक नव्हती. जावाही असंच वागते. दोन कार्डांवर एकच नाव असेल आणि बाकी सगळं सारखं असेल, तर एकदा लिहिलेलं काम दोन्ही वचनांना लागू होतं. कंपायलर चकार शब्द काढत नाही. मात्र एक कार्ड म्हणालं, 'नोंद करून आकडा परत दे' आणि दुसरं म्हणालं, 'नोंद कर, परत काही देऊ नको', तर मग तो ठाम नकार देतो. ती दोन कार्डं एका गळ्यात घालताच येत नाहीत. सी शार्प नावाची दुसरी एक भाषा आहे, तिच्यात वेगळी सोय आहे. आरोग्यमंत्री म्हणून केलेली नोंद निराळी आणि ग्रंथालयमंत्री म्हणून केलेली निराळी, असं एकाच क्लासमध्ये लिहिता येतं.

आम्ही सोपा उपाय केला. नावंच बदलली. एका कार्डावर 'आजाऱ्यांची नोंद', दुसऱ्यावर 'पुस्तकांची नोंद'. वह्याही दोन केल्या.

पेटी तपासली!

इथवर सगळी गंमत होती. पण पुढे जे झालं, ते सांगताना आजही मला हसू येत नाही.

एका दुपारच्या सुट्टीत पहिलीतला एक मुलगा घसरगुंडीवरून पडला. हनुवटी फुटली. रक्त थांबेना. मी धावत जाऊन प्रथमोपचार पेटी उघडली. आत कापसाचा बोळासुद्धा नव्हता. पट्टीची एक रिकामी गुंडाळी आणि एक कोरडी बाटली, एवढंच. शेवटी माझा धुतलेला रुमाल दाबून धरला आणि आमच्या सरांच्या मोटारसायकलवरून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. दोन टाके पडले. पोरगं धीराचं, आठवडाभरात पुन्हा घसरगुंडीवर हजर!

संध्याकाळी मी वही उघडली. 'पेटी तपासली.' 'पेटी तपासली.' 'पेटी तपासली.' तीन आठवडे, रोज, न चुकता, सुंदर अक्षरात.

मी मंत्रीबाईंना बोलावलं. राग आला होता, तो गिळून विचारलं, "तपासली म्हणजे काय केलंस गं?"

ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, पेटी जागेवर आहे का आणि झाकण नीट लागलंय का, ते रोज बघत होते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. ती खोटं बोललीच नव्हती! कार्डावर मीच लिहिलं होतं, 'पेटी तपासणं'. तपासणं म्हणजे काय, हे कुठं लिहिलं होतं? मी मात्र रोज वहीतली बरोबरची खूण पाहून निर्धास्त होत होते.

मुलांनो, कंपायलरही नेमका असाच फसतो. कार्डावरचं नाव क्लासमध्ये आहे ना, एवढंच तो बघतो. आत खरं काम आहे का, ते त्याला कळत नाही. परत काही द्यायचं नसेल, तर नुसतं नाव लिहा, आत मोकळी जागा सोडा, तरी तो म्हणतो, ठीक! वचन पाळलं असं दिसतं आणि आत काहीच नसतं.

म्हणून चांगले प्रोग्रॅमर दोन गोष्टी करतात. पहिली, कार्डावर नुसतं नाव लिहून थांबत नाहीत, त्याचा अर्थही साध्या भाषेत लिहून ठेवतात. मघाच्या 'कम्पेरेबल' कार्डासोबत असेच नियम लिहिलेले आहेत. पहिला दुसऱ्याच्या आधी आणि दुसरा तिसऱ्याच्या आधी असेल, तर पहिला तिसऱ्याच्याही आधीच आला पाहिजे. हा नियम कंपायलर तपासू शकत नाही. तो माणसानं वाचायचा आणि पाळायचा. दुसरी गोष्ट, ते चाचण्या लिहितात. ऑब्जेक्टकडून काम खरोखर करून घ्यायचं आणि उत्तर पडताळून बघायचं. जावासाठी केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ साली ज्युनिट नावाचं साधन लिहिलं, ते यासाठीच.

आम्हीही दोन्ही केलं. नवं कार्ड लिहिलं : 'पेटी तपासणं. म्हणजे उघडून कापूस, पट्ट्या आणि औषध मोजणं. कमी असेल तर त्याच दिवशी बाईंना सांगणं.' आणि शनिवारी चाचणी सुरू केली. कुणीही एक लहानगा अचानक ओरडतो, "ताई, मला लागलं!" आणि मंत्रीबाईंनी पेटीतून कापूस आणि पट्टी काढून त्याच्या धडधाकट कोपराला बांधून दाखवायची. सगळी शाळा टाळ्या वाजवते.

मी तिला एकदा विचारलंही, "दोन खाती जड होतात का? एक काढून घेऊ?"

ती म्हणाली, "नको बाई. कार्ड नीट लिहून द्या, मी दोन्ही करते."

आणि तिनं ती केली, अगदी वर्ष संपेपर्यंत.

करून पहा

तुमच्याही गळ्यात न दिसणारी कार्डं असतात. घरी 'मुलगा' किंवा 'मुलगी', धाकट्या भावंडाची 'ताई' किंवा 'दादा', शाळेत 'विद्यार्थी', मैदानावर 'यष्टिरक्षक'. एका कागदावर तुमची तीन कार्डं लिहा. प्रत्येकावर तीनच कामं. मग बघा :

१. एकच नाव दोन कार्डांवर आलंय का? 'लक्ष ठेवणं' हे ताईच्या कार्डावर आहे आणि यष्टिरक्षकाच्याही. दोन्हीकडे अर्थ तोच आहे का?

२. कोणत्या कामाचं नुसतं नाव आहे आणि आत मोकळी जागा आहे? 'दप्तर भरणं' लिहिलंय, पण ते रोज आई भरते, असं तर नाही ना? खरं सांगा हं!

३. प्रत्येक कामासाठी एक चाचणी सुचवा. काम खरंच झालं, हे दुसऱ्याला कशावरून कळेल?

आणि आईबाबांनो, हा कागद वाचताना एक काम तुम्हीही करा. आपण मुलांना रोज म्हणतो, 'नीट वाग', 'अभ्यास कर', 'लक्ष दे'. ही झाली नुसती नावं. त्यांचा अर्थ आपण कार्डावर लिहून दिला आहे का, तेवढं एकदा तपासून बघा. आणि तपासणं म्हणजे काय, ते तर आता तुम्हाला ठाऊक आहेच!